धडपडीचा जमाखर्च



सुरत म्हटले की कापड, जर आणि हिरे या तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. सोलापूरच्या माणसाला तर तेथील मागांचा खडखडाट ऐकून ते शहर परके वाटतच नाही. माझे मामा अक्कलकोट सोडून सुरतेस गेले, त्याला आता वीस वर्षे झाली. रिंग रोडवरील एका कापडपेढीत ते हिशेब लिहितात. तिकडच्या भाषेत मेहताजी. त्यांच्या हाताखाली थोडी खतावणी शिकावी म्हणून गेली उन्हाळ्याची सुट्टी मी लिंबायतला त्यांच्याकडे काढली. घरी कन्नड, गल्लीत मराठी आणि अहिराणी, पेढीवर गुजराती असा तेथील दिवस. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे त्या भागात राहतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तेथे आहेत.

परंतु मला प्रवासवर्णन लिहावयाचे नाही. माझा मामेभाऊ भरतकामाच्या यंत्रावर बारा तासांची पाळी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन मोबाईलवर लघुपट काढतो. त्याला चांगला कॅमेरा घ्यावयाचा आहे. त्यासाठी मामांनी धाकट्या मुलीच्या शिक्षणाकरिता बाजूला ठेवलेले दोन लाख रुपये तो मागत होता. घरात पंधरा दिवस अबोला होता. अशा वेळी चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या दोन पदवीधरांचे अनुभवकथन शहरात असल्याचे समजले. मामाच मला म्हणाले, "तू पण जा रे याच्याबरोबर. काय सांगतात ते नीट ऐकून ये."

सभागृह भरले होते. प्रास्ताविकात संजीवकुमारांचे नाव निघाले. ते साहजिकच होते. हरिहर जरीवाला हा १९३८ साली सुरतेत जन्मलेला मुलगा पुढे देशभर गाजला, याचा अभिमान तेथे कोणाला नाही? नंतर पाहुणे बोलले. मुंबईतील उपाशी दिवस, एका खोलीत सात जण, मिळालेले नकार आणि अखेर उघडलेले दार. भाषणे रंगली, टाळ्या पडल्या. माझा मामेभाऊ तर भारावून गेला होता.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतील एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पहिला पैसा किती वर्षांनी मिळाला? आणि तोवर खोलीचं भाडं कोणी भरलं?"

सभागृह हसले. पाहुण्यांपैकी जे ध्वनिमुद्रणाचे काम करीत, ते मात्र हसले नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी सांगितले, की पदवीनंतर साडेतीन वर्षे थोरली बहीण पैसे पाठवीत होती. पहिल्या कामाचे पैसे आठ महिन्यांनी हाती आले. दोन ठिकाणचे तर बुडालेच. आजही वर्षातून चार महिने काम नसते, म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत बाराची तरतूद करावी लागते. हे सांगायला त्यांना दहा मिनिटेही लागली नसतील. माझ्या मते त्या सायंकाळचे खरे अनुभवकथन तेवढेच होते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे, की जे पुढे गेले त्यांनी मागून येणाऱ्यांना धडपडीच्या गोष्टीबरोबर तिचा जमाखर्चही सांगावा. गोष्टीने उमेद वाढते, हे मी नाकारीत नाही. पण निर्णय घ्यावयाचा तर आकडे लागतात. संजीवकुमारांचेच पाहा. १९६०च्या 'हम हिंदुस्थानी'त ते एका लहानशा भूमिकेत होते. 'दस्तक'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९७० सालच्या कामाचा. मध्ये दहा वर्षे आहेत. ध्वनिसंयोजक रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पदवीधर. त्यांना २००९ साली ऑस्कर मिळाले. त्यानंतर हिंदी चित्रपटांत आपल्याला काम मिळेनासे झाले होते, असे त्यांनी २०२० साली स्वतःच जाहीरपणे सांगितले. त्यांच्या या स्पष्टपणाबद्दल मला त्यांचा ऑस्करइतकाच आदर वाटतो.

आपल्याच जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. 'फँड्री' २०१३ साली आला आणि 'सैराट' २०१६ साली. 'सैराट'ने शंभर कोटींचा आकडा ओलांडला, एवढेच आपण मुले लक्षात ठेवतो. तो आकडा तिकीटविक्रीचा आहे, नफ्याचा नव्हे. त्यातून कर जातो, चित्रपटगृहाचा आणि वितरकाचा वाटा जातो. विक्री आणि नफा यांतला फरक आपण अकरावीत शिकतो आणि सिनेमाच्या बाबतीत विसरतो.

याउलट उदाहरण मालेगावचे. शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यांच्या धडपडीवर पुढे माहितीपट झाला आणि २०२५ साली हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. सर्वांना त्यांची जिद्द दिसते. मला त्याबरोबर हेही दिसते, की त्यांचे स्वतःचे व्हिडिओ पार्लर होते. आपल्या गावचा कामगार कशाला पैसे देतो हे त्यांना रोज गल्ल्यावर कळत होते. कॅमेरा हाती घेण्याआधीच त्यांच्या वहीत जमेची बाजू होती.

यावर कोणी म्हणेल, "कलेला तागडीत घालू नका." आमच्या एका प्राध्यापकांनीही मला हेच सुनावले. त्यांच्याविषयी आदर राखून मी म्हणतो, की मला कलेची किंमत करावयाची नाही. पण खर्च लपवला म्हणून तो टळत नाही. ज्याचा बाप चार वर्षे पैसे पाठवू शकतो त्याला हिशेब न कळला तरी चालते. यंत्रावर बारा तास उभे राहणाऱ्याचे चालत नाही. तो एकदाच चुकू शकतो, आणि त्या चुकीत बहिणीचे शिक्षण जाते. पैशाविषयी न बोलण्याच्या या सभ्यपणामुळे कला पैसेवाल्यांच्याच घरी राहते.

ज्ञान गावापर्यंत नेता येते, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना मी काय सांगावे? हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या 'नीनासम्'ने १९७०च्या दशकात पुण्याचे प्राध्यापक सतीश बहादूर यांचे साहाय्य घेऊन ग्रामस्थांना जगातले उत्तम चित्रपट दाखविले, समजावून दिले. सुब्बण्णांचे भाचे गिरीश कासरवळ्ळी औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर. ते पुण्यास शिकले आणि १९७७ साली 'घटश्राद्ध' घेऊन आले. रसिकता शिकविण्याची ही पद्धत आपल्याकडे आहेच. तिला व्यवहाराच्या शिक्षणाची जोड हवी. करार कसा वाचावा, बुडालेले पैसे कसे मागावेत, कॅमेऱ्यावर दरवर्षी घसारा किती धरावा, दिग्दर्शनाखेरीज संकलन, ध्वनी, प्रकाशयोजना यांत पोट कसे भरते, हेही शिकवले पाहिजे. आपल्या महाविद्यालयाच्या मराठी, कन्नड आणि वाणिज्य मंडळांनी मिळून असा एक दिवस ठेवावा, आणि पाहुण्यांना आधीच कळवावे, की येताना वही घेऊन या.

त्या रात्री घरी आल्यावर मामांनी पेढीवरची एक जुनी वही काढली आणि मधोमध रेघ मारून ती मुलापुढे सरकवली. खर्चाची बाजू आम्ही दोघांनी तासाभरात भरली. जमेच्या बाजूस लग्नाच्या चित्रीकरणाचे अंदाजे दोन आकडे पडले आणि पेन थांबले. मामा रागावले नाहीत. "ही बाजू भरली की ये, मी पैसे देतो," एवढेच म्हणाले आणि निजायला गेले. पंधरा दिवसांनी त्या घरात बापलेकांचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते.

परवा मामेभावाचा फोन आला होता. भाड्याच्या कॅमेऱ्यावर त्याने दोन लग्ने केली. एकाचे पैसे आले आहेत, एकाचे यायचे आहेत.

— द्वितीय वर्ष वाणिज्य