द्राक्षमळ्यांतील एक दिवस

प्रवासास निघताना घरच्या मंडळींस कोठे चाललो ते मोकळेपणाने सांगावे, हा आपल्याकडील शिरस्ता आहे. या खेपेस मात्र आम्ही थोडे घुटमळलो. अकोले तालुक्यातील भंडारदऱ्यास दोन दिवस राहावयाचे, एवढे सांगणे सोपे होते. पण तेथून एक दिवस नाशिककडील द्राक्षमळे आणि वाइनचे कारखाने पाहून यावयाचे, हे बोलताना जीभ अडखळली. कारण समोर काकू बसल्या होत्या, आणि काकूंचे थोरले बंधू मद्यापायी अकाली गेले, हे घरात सर्वांस ठाऊक होते. त्या क्षणभर स्तब्ध राहिल्या व म्हणाल्या, "मीही येते. ज्याने घर बुडविले, ते बनते तरी कसे, हे एकदा पाहू दे."

माघातील ती सकाळ होती. प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९२६ साली पुरे झाले. त्याच्या विस्तीर्ण जलाशयावर धुके तरंगत होते. शेंडी सोडून बारीवरून जाताना कळसुबाईने बराच वेळ सोबत केली. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. पुढे घोटीस मुंबई-आग्रा रस्ता लागला, आणि भाताची रिकामी खाचरे मागे पडून द्राक्षांचे मांडव दिसू लागले.

मद्याची द्राक्षे आपण बाजारातून आणतो तशी नव्हेत. ती लहान, बियांची आणि जाड सालीची असतात. युरोपात हिवाळ्यात वेल निद्रिस्त होते; आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी करून काडी वाढवितात, व पाऊस सरता सरता दुसरी छाटणी करून घड धरतात. उन्हाने रस बिघडू नये म्हणून तोडणी रात्री किंवा पहाटे उरकतात. आत कारखान्यात पोलादी टाक्यांची रांग होती. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात. तांबडीसाठी साली रसातच राहू देतात, कारण रंग सालीचा असतो. मग किण्व रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते, आणि ती उष्णता आवरण्यासाठी टाक्या थंड ठेवाव्या लागतात.

हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्या द्राक्षासवाचेच भावंड की!" बोलणे खोटे नव्हते. वैद्यांच्या आसवात धायटीची फुले घालून हेच आंबविणे घडते, आणि ती बाटली आपल्या सोवळ्या घरांतील फडताळात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. भेद मात्रेचा व हेतूचा आहे. पण तो भेदच सारे काही आहे.

दुपारी गंगापूर धरणाच्या काठी गेलो. राजीव सामंत यांनी येथे १९९७ साली वेली लावल्या, आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आली. 'सुला' हे नाव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नावावरून ठेवलेले आहे. चव घेण्याच्या दालनात प्याला फिरवावा, वास घ्यावा, घोट तोंडात घोळवावा, असे शिकवितात. जाणकार परीक्षक तर तो थुंकूनही टाकतात. "थुंकावयाचाच, तर घ्यावयाचा कशाला?" असे काकूंनी विचारले, आणि शिकविणारा तरुणही हसला. त्या मात्र आत फार थांबल्या नाहीत. बाहेर झाडाखाली जाऊन बसल्या.

परतताना आमच्या पुतण्याने वाद काढला. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरविले, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण दिले होते. आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी त्याविरुद्ध १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केले, आणि ग्रामसभेनंतर ते स्थगित केले. पुतण्याचे म्हणणे असे की, अवकाळी पावसाने हवालदिल झालेल्या बागाइतदारास आणखी एक गिऱ्हाईक मिळत असेल, तर अडवावे का?

आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच काकू बोलल्या. "शेतकऱ्याचे चार पैसे मला नको आहेत असे नाही. पण दादाने पहिला प्याला घेतला, तो गुत्त्यात नव्हे. चांगल्या घरच्या मित्रांत, चांगल्या दिवाणखान्यात. दूध-साखरेच्या शेजारी बाटली ठेवली, म्हणजे तो दिवाणखाना प्रत्येकाच्या दारी आला."

गाडीत कोणी बोलले नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तील सुधाकर हा सुशिक्षित वकीलच होता, याची आठवण आम्हांस तेव्हा झाली. मळ्यातील श्रम व विद्या पाहून आमचा आदर वाढला, हे खरे. तथापि आदरापोटी सावधपणा सोडावा, असे आम्हांस वाटत नाही. ज्या घरात या विषयावर कुजबुज होते, तेथे मुले बाहेर शिकतात. ज्या घरात उघड बोलणे होते, तेथे निदान काकूंसारख्यांचे ऐकावयास तरी मिळते.

घोटीजवळ काकूंनी गाडी थांबविली, आणि रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून दोन पेट्या द्राक्षे घेतली. घासाघीस करण्याची त्यांची जन्माची सवय. त्या दिवशी मात्र त्यांनी सांगितला तो भाव दिला.