यादीचा खर्च कोणी सोसायचा?

रेशन, रॉकेल आणि रोजगार यांसाठी रांगेत उभे राहण्याची सवय आपल्या समाजाला जुनी आहे. संगणक आला की रांगा सरतील, अशी आशा होती. किनवटसारख्या तालुक्याच्या गावी रांग आजही आहे. कचेरीच्या खिडकीऐवजी ती सेवा केंद्राच्या पडद्यासमोर लागते, इतकाच फरक. शिष्यवृत्तीच्या यादीत आपले नाव आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी आमचा एक विद्यार्थी वडिलांसह तांड्यावरून आला आणि पडद्यावरचे चक्र फिरताना पाहून संध्याकाळी परतला. वडिलांचा रोज बुडाला. दोष ‘नेटवर्क’च्या माथी मारण्यात आला; परंतु तो सर्वस्वी खरा नव्हे.

मोठ्या याद्या हाताळण्याची रीतच पुष्कळदा सदोष असते. एक नाव विचारले तरी सर्व्हर संपूर्ण यादी मेमरीत उचलून घेतो आणि प्रत्येक विचारणाऱ्यासाठी तेच काम नव्याने करतो. विचारणारा एकटा असेल तोवर हे खपते. यादी जाहीर होण्याच्या दिवशी हजारो जण आले की यंत्रणा बसते. त्यातच प्रत्येक नावापुढे बँकेची शाखा दाखविण्यासाठी वेगळी फेरी मारली जाते. म्हणजे पन्नास नावांसाठी 51 फेऱ्या! पन्नास नोंदी एका खेपेत आणण्याऐवजी अभिलेख कक्षात एकेकीसाठी खेप घालणाऱ्या कारकुनाला कोणताही हेडक्लार्क समज देईल.

यादीची पाने पाडली म्हणजे सारे भागते, असेही नाही. पन्नास नावांचे एक पान धरले, तर हजारावे पान मागताच सर्व्हर आधीच्या 49,950 ओळी मोजतो आणि टाकून देतो. ‘मागील पानावरील शेवटच्या नावापुढची पन्नास नावे दे’ असे सांगितले, आणि त्या नावांची क्रमवार सूची तयार असली, तर हे श्रम वाचतात. सूचीचे सामर्थ्य साध्या गणिताने कळते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार होते. क्रमाने लावलेल्या एवढ्या यादीतूनही, दर खेपेस निम्मा भाग बाद करीत गेल्यास, हवे ते नाव फार तर 27 पायऱ्यांत हाती येते. तलाठ्याच्या दप्तराला हे शहाणपण पूर्वीपासून अवगत आहे. आधी गाव, मग गट क्रमांक. सातबाऱ्याचे संकेतस्थळही जिल्हा, तालुका, गाव याच क्रमाने विचारते.

मग हे सर्वत्र का होत नाही? याचे उत्तर संगणकशास्त्रात नसून अर्थशास्त्रात आहे. सूची न बांधणाऱ्या कंत्राटदाराचे चार दिवसांचे श्रम वाचतात. त्यापायी हजारो माणसांचे बुडालेले दिवस मात्र त्याच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाहीत. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. आणखी मोठा सर्व्हर घेणे हा यावरचा नेहमीचा उपाय. परंतु त्याचा पैसा करदात्याचा असतो आणि यादी वाढली की तोही अपुरा पडतो.

येथे एक रास्त शंका घेतली जाईल. याद्या सार्वजनिक असाव्यात ही लोकशाहीची मागणी आहे. मग त्या तुकड्यातुकड्याने का दाखवायच्या? वस्तुतः या दोन वेगळ्या गरजा आहेत. कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी 24 फेब्रुवारी 2020 रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा शेतकऱ्याला आपले नाव पाहायचे होते आणि गावाला सर्वांची नावे पडताळायची होती. पहिल्या गरजेसाठी शोध असावा. दुसरीसाठी गावनिहाय यादी रात्रीच तयार करून ठेवावी आणि चावडीवरही लावावी. त्यासाठी भरदिवसा सर्व्हर शिणविण्याचे कारण नाही.

तात्पर्य, निविदेत एक अट घालावी. काम स्वीकारण्यापूर्वी संकेतस्थळाची परीक्षा पूर्ण यादी भरून, गर्दीच्या दिवसाइतका भार देऊन आणि किनवटसारख्या गावातील साध्या मोबाईलवरून घेतली जावी. ती उतरल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये. डोंगरात नेटवर्क क्षीण आहे, हे खरेच. म्हणूनच तर त्यावरून मोजके आणि नेमके तेवढेच पाठविले पाहिजे. रोजंदारीवर जगणाऱ्याचा दिवस फुकटचा नसतो, एवढे भान शासनाच्या संगणकाने ठेवले तरी पुष्कळ झाले.