नोकरी सोडण्यापूर्वी

नांदेडची उस्मानशाही गिरणी चालू होती, तेव्हा तेथे एकदा कामाला लागलेला माणूस बहुधा तेथूनच निवृत्त होई. आज लातूर-नांदेडचा तरुण चाकणच्या कारखान्यांत जातो आणि कंत्राटदार बदलेल तशी त्याची नोकरी बदलते. या बदलांत त्याच्या सेवेची वर्षे निसटून जातात; ते नुकसान त्या वेळी दिसतही नाही.

१९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे १० वर्षांची सेवा लागते. ती एकाच मालकाकडे व्हावी अशी अट नाही. मात्र नोकरी सुटताच बहिणीच्या लग्नासाठी वा खोलीच्या भाड्यासाठी या योजनेतील पैसा उचलला, की मागील वर्षे मोजणीतून जातात. गरजवंताला असा उपदेश करणे आमच्यासारख्या निवृत्तिवेतनधारकाला शोभत नाही, हे खरे. तरीही सांगितले पाहिजे. भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक २०१४ पासून आला आहे. तोच क्रमांक नव्या मालकाला द्यावा, जुनी शिल्लक तिकडे वळवावी. दुसरी नोकरी लांबणार असेल, तर पैशाऐवजी योजना-प्रमाणपत्र मागावे.

वेतनचिठ्ठीवरील कपात खात्यात खरोखर जमा होते काय, हे दरमहा पाहावे. कंत्राटदाराने ती भरली नाही, तर मुख्य कारखानदाराला हात झटकता येत नाहीत.

दिवाळीला ही मुले गावी येतात. त्या आठवड्यात आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासोबत बसून नेमणूकपत्रे आणि निधीची खाती तपासावीत. तक्रारअर्ज तेथेच लिहून द्यावा.