सुमात्राहून दिसलेला चीन

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या मनातील स्वतःच्या संस्कृतीचे चित्र कसे पालटत जाते, याचा फार जुना आणि तपशीलवार पुरावा इत्सिंग (यीजिंग) या चिनी भिक्षूच्या प्रवासग्रंथात मिळतो. इ. स. 671 मध्ये तो ग्वांगझूहून समुद्रमार्गे निघाला, वाटेत श्रीविजय येथे, म्हणजे सुमात्रा बेटावरील आजच्या पालेम्बांगच्या परिसरात, संस्कृत व्याकरण शिकला आणि पुढे नालंदा महाविहारात त्याने सुमारे दहा वर्षे अध्ययन केले.

विनय, म्हणजे भिक्षूंच्या आचरणाचे नियम, हा त्याच्या आस्थेचा विषय असल्याने त्याने जेवणाची पंगतही बारकाईने न्याहाळली. भारतातील भिक्षू हातपाय धुऊन, शेणाने सारवलेल्या जमिनीवर हातभर अंतराने मांडलेल्या वीतभर उंचीच्या वेताच्या आसनांवर बसतात आणि उष्टे अन्न पुन्हा भांड्यात घालत नाहीत. मायदेशी मात्र रुंद बैठकीवर एकमेकांना खेटून मांडी घालण्याची आणि उरलेसुरले ठेवून देण्याची रीत आहे, हे त्याला खटकू लागले. उष्ट्या-खरकट्याचा विचार ज्या घरांत अजून होतो, तेथील मराठी वाचकाला ही पाने अगदी ओळखीची वाटतील.

वैद्यकाकडे वळताच याच विद्यार्थ्याचा सूर बदलतो. नाडीपरीक्षा आणि अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचून करायचा उपचार, यांत चीनची बरोबरी जंबुद्वीपातील कोणताही प्रदेश करू शकत नाही, असे त्याने निःसंकोच लिहिले. पण मलमूत्र औषध म्हणून देण्याच्या चीनमधील प्रथेचा त्याने तितक्याच कठोरपणे धिक्कार केला. नालंदेने दिपून जाऊन मायदेशाला सरसकट हिणवणे किंवा घराच्या ओढीने सारेच गोड मानणे, हे दोन्ही मार्ग त्याला सहज मोकळे होते, आणि ते त्याने टाळले, यातच त्याची खरी विद्वत्ता आहे.

हा 40 प्रकरणांचा ग्रंथ त्याने श्रीविजय येथे, दोन्ही देशांपासून दूर राहून लिहिला, 692 मध्ये चीनला धाडला आणि 695 मध्ये तो स्वतः लोयांगला परतला, तेव्हा सम्राज्ञी वू हिने त्याचे स्वागत केले.

परदेशी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या हाती हा दिवाळी अंक पडेल, तेव्हा घरचे काय खटकू लागले आणि कशाचे मोल नव्याने कळले, हे दोन्ही त्यांनी मराठीत लिहून पाठवावे. पुढील अंकात त्या लेखनाला अगत्याने जागा दिली जाईल.