घर कोणासाठी?

मुंबई-पुण्याकडील निवृत्त मध्यमवर्गीय आज एका चमत्कारिक अवस्थेत सापडला आहे. पोटाला चिमटा घेऊन, वर्षानुवर्षे कर्जाचे हप्ते फेडून त्याने घेतलेल्या दोन-तीन खोल्यांची किंमत आता कोटीच्या घरात गेली. पण गृहनिर्माण संस्थेची मासिक वर्गणी भरताना त्याचाच हात आखडतो. कागदावर तो धनिक, व्यवहारात ओढगस्तीचा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले, ते दरमहा १,००० रुपये! एवढ्यात औषधपाणी तरी भागावे काय?

घर विकून लहान गावी जावे, असा सल्ला सहज दिला जातो. परंतु सत्तरीचा माणूस केवळ चार भिंती सोडत नाही. ओळखीचा डॉक्टर आणि रात्री-अपरात्री धावून येणारा शेजारही त्याला सोडावा लागतो.

यावर २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक तोड सुचविण्यात आली. ‘रिव्हर्स मॉर्टगेज’ म्हणजे उलट तारण. साठी ओलांडलेल्या मालकाने राहते घर बँकेकडे तारण ठेवावे आणि बँकेने त्याला ठराविक मुदतीपर्यंत हप्ते द्यावेत. हयातीत परतफेड नाही, घर सोडण्याची सक्ती नाही. पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे. न पेक्षा बँकेने ते विकून उरलेली रक्कम त्यांना द्यावी.

ही योजना आपल्याकडे रुजली नाही. मुदत संपताच हप्ते थांबतात आणि व्याज मात्र साचत जाते, हे तिचे दोष खरेच. ते सरकारने दूर केले पाहिजेत. पण मोठा अडसर मनाचा आहे. घर ही मुलांची ठेव, तिला हात लावणे म्हणजे पाप, ही आपली समजूत. तिच्यापायीच कित्येक आईबाप हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळे होतात आणि स्वतःच्या घरात पाहुणे ठरतात. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविण्याची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. परंतु उतारवयात पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढणार कोण? त्यापेक्षा मृत्युपत्र बरे. ते हयातीत केव्हाही बदलता येते.

मुलांना शिकवून पायावर उभे केले, तेथे आईबापांचे कर्तव्य पुरे झाले. कष्टाच्या घराने आधी आपल्या मालकाचे म्हातारपण सांभाळावे; उरेल ते वारसांनी आनंदाने घ्यावे. यात कोणावर अन्याय होतो?