कारखान्यातून आली तशी

परवा नागपूरहून एक गृहस्थ आमची फियाट बघायला आले होते. गाडी १९७० सालची, बाबांनी १९७८ मध्ये जुनीच घेतलेली. गृहस्थ जुन्या गाड्यांचे दर्दी. बॉनेट उघडून त्यांनी इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. जुळले. स्वारी खूश! मग त्यांनी आत डोकावलं आणि चेहरा पडला.

"हा पंखा काढा. वरचं कॅरिअर काढा. ही पितळी पट्टी तर आधी काढा. गाडी ओरिजिनल पाहिजे, कारखान्यातून आली तशी."

बोलले ते अगदी सौजन्यानं. भावही चांगला देऊ केला. ते गेले, पण तो 'ओरिजिनल' शब्द काही डोक्यातून जाईना.

त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात बनवाबनवी खूप चालते. अमेरिकेत तर याचं शास्त्रच झालंय. तिथे १९६४ साली आलेल्या फोर्ड मस्टँगसारख्या गाड्यांबरोबर ऐच्छिक गोष्टींची लांबलचक यादी असे. इंजिन कोणतं, गिअर कोणते, रेडिओ हवा का, एसी हवा का, सगळं गिऱ्हाईक निवडणार आणि कारखाना बसवून देणार. साहजिकच पन्नास वर्षांनी 'या गाडीला हे कारखान्यातच बसवलं होतं का?' या प्रश्नावर किमतीत मोठा फरक पडतो. साध्या गाडीला मोठं इंजिन टाकून ती अस्सल म्हणून खपवणारे महाभाग असतात, म्हणून नंबर तपासायचे. इथवर मान्य.

पण हाच काटा आपल्याकडच्या फियाटला लावायचा?

त्या काळी आपल्याकडे गाड्या मिळत तीन. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी फियाट. विक्रीवर सरकारी नियंत्रण १९५९ पासूनच होतं. १९६९ मध्ये किमतीही सरकारनं ठरवून दिल्या, ते भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकाल १९७१ मध्ये लागला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल ती गाडी घरी आणायची. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचे गिअर, पुढे एक सलग बाकडं. संपली यादी! कुठल्या कागदावर खूण करून बाबा पंखा मागवणार होते?

आपली ऑप्शनची यादी बाजारात होती. सीट कव्हर शिवणारा, हॉर्न बदलून देणारा, रेडिओ बसवणारा, या सगळ्यांनी मिळून कुर्ल्याहून आलेली गाडी पूर्ण केली. भंडाऱ्याच्या मे महिन्यात काचा उघडल्या तर लू आणि बंद केल्या तर भट्टी. बाबांनी डॅशबोर्डवर पंखा बसवला तो हौसेनं नव्हे. आई दोन महिने आजारी होती आणि आठवड्यातून एकदा तिला साठेक किलोमीटरवर नागपूरला न्यावं लागे. पंख्याचं तोंड कायम डावीकडे, आईच्या बाजूला. आजही ते तसंच आहे. आणि ती पितळी पट्टी? हे तर पितळेच्या भांड्यांचं गाव. एका कारागिरानं बाबांकडे असलेल्या जुन्या उपकाराची फेड म्हणून ती ठोकून दिली होती.

आमच्या गावाजवळच गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, म्हणून ट्रकचं उदाहरण देतो. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून निघायचा तो बहुधा नुसता सांगाडा म्हणून. केबिन, फाळके, रंग, वेलबुट्टी सगळं बॉडीवाल्याकडे. मग 'कारखान्यातून आला तसा' ट्रक म्हणजे काय, तो सांगाडा? आणि हे काही गरिबाघरचंच नाही. महायुद्धाआधी रोल्स रॉईससुद्धा चेसिस विकायची आणि बॉडी गिऱ्हाईक दुसऱ्या कारागिराकडून बांधून घ्यायचं. आपल्या संस्थानिकांच्या ज्या गाड्यांपुढे हे दर्दी हात जोडतात, त्या अशाच बनलेल्या. महाराजांनी बांधून घेतली तर वारसा आणि बाबांनी बसवली तर भेसळ, हा कुठला न्याय?

गंमत म्हणजे कायदासुद्धा इतका सोवळा नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ स्वरूपात राखलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. तिथे पंख्याचं नावसुद्धा नाही. मात्र अशी नोंद केली की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. त्यामुळे मी अजून तो फॉर्म भरलेला नाही.

म्हणून मला विचाराल तर हिशेब साधा आहे. कारखान्यानं काय दिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. वापरणाऱ्यानं त्या काळात गरजेपोटी काय जोडलं, तेही लिहून ठेवा आणि राहू द्या. आज कुणाला फसवायला काही जोडत असाल तर ते मात्र खोटं. आणि ओरिजिनल दिसावी म्हणून पन्नास वर्षांच्या खुणा पुसून टाकणं, हेही माझ्या लेखी त्याच खोटेपणात मोडतं. गाडी १९७० मध्ये एक दिवस कारखान्यातून बाहेर पडली. १९७८ पासूनची सगळी वर्षं ती आमच्याबरोबर होती.

तरी भाव चांगला होता, खोटं कशाला बोलू? घराचं छत या पावसाळ्याआधी करायचंय. म्हणून मिस्त्रीला बोलावलं, म्हटलं, पंखा काढायचा झाला तर काय करावं लागेल? त्यानं वाकून बघितलं.

"काढाले का लागते भाऊ, दोनच स्क्रू आहेत. पण भोकं त रायतीलच ना!"

छताचं दुसरं काहीतरी बघू. त्या गृहस्थांना उद्या फोन करून नाही म्हणून सांगणार आहे.