तोंडी परीक्षेतली मुकी मुले

पहिल्या सत्राच्या इंग्रजी तोंडी परीक्षेत नववीतला एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. स्वतःविषयी पाच वाक्ये सांग, हा आमचा ठरलेला प्रश्न. 'माय नेम इज' म्हणून त्याने नाव सांगितले आणि तो जो थांबला तो थांबलाच. नजर जमिनीवर, हाताने शर्टाचे टोक पिळणे चाललेले. मी सवयीप्रमाणे २० पैकी ९ गुण मांडले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पुढे महिन्याभरात जत्रा आली. गावातल्या हौशी मंडळींनी दशावतारी नाटक लावले होते. त्यात हाच मुलगा अभिमन्यू! समोर अख्खा गाव बसलेला, रात्रीचे दोन वाजलेले. समोरचा जाणता नट मध्येच सूत्र विसरला, तर या पोराने दोन वाक्ये पदरची घालून प्रसंग पुढे नेला. टाळ्या पडल्या. मला मात्र ते ९ गुण आठवले आणि मी थोडा ओशाळलो.

गेली अठ्ठावीस वर्षे मी इंग्रजी शिकवतो आहे. 'आमच्या मुलांत आत्मविश्वास नाही' हे वाक्य मी पालकसभेत किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. ते वाक्य मला आता मागे घ्यावेसे वाटते. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्याशी हिंदी, असे तीन भाषांत बिनदिक्कत वावरणारे मूल भित्रे कसे असेल? (हिंदी बोलण्याची परीक्षा त्याची कोणी घेतली नाही, म्हणून ती त्याला आली, असे आमचे एक सहकारी थट्टेने म्हणतात. थट्टा अगदीच खोटी नाही.)

हा प्रश्न आता केवळ शाळेपुरता राहिलेला नाही. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. आयुर्वेद संस्था तर आमच्या धारगळातच आली. पेडणे तालुक्यातल्या मुलांना घराजवळ नोकरीची आशा निर्माण झाली. माझे दोन जुने विद्यार्थी एका खाजगी कंपनीच्या मुलाखतीला जाऊन आले. लेखी इंग्रजीत दोघेही चांगले. परतल्यावर म्हणाले, "सर, विचारलेले सगळे समजले, पण तोंडातून शब्द फुटला नाही." त्यातल्या एकाचे वडील मला बाजारात भेटले. "मास्तर, मराठी शाळेत घातला तिथेच चुकले," एवढेच म्हणून ते पुढे गेले.

मराठीच्या समितीवर काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागते, आणि उत्तरही द्यावे लागते. १९९० मध्ये गोव्यात प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणी माध्यमापुरते ठेवले गेले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते देऊ केले, तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरलो. २०१२ मध्ये सरकार बदलले, तरी अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले. त्या लढ्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. परंतु आमच्याकडची बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी शाळेत शिकून पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातात, आणि त्या उडीची तयारी करून घेण्याकडे आम्ही समितीवाल्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे. शिवाय एक गोष्ट मी पाहतो. पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेलेली, पण प्रश्नोत्तरे घोकूनच वर आलेली मुलेही मुलाखतीत तशीच गप्प बसतात. तेव्हा त्या वडिलांचा राग समजतो, निदान मात्र पटत नाही.

दोष आमच्या परीक्षेत आहे. सातार्डा-बांद्याच्या पलीकडे महाराष्ट्रात काय घडले ते पाहा. दहावीच्या भाषा विषयांचे २० अंतर्गत गुण २०१९ च्या परीक्षेसाठी काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. या सबंध वादात निकाल किती घसरला याची चर्चा झाली, मुले बोलतात किती याची फारशी कोणी केली नाही. तोंडी परीक्षा म्हणजे एक तर गुणांची खिरापत, नाही तर माझ्यासारख्या मास्तरासमोर 'माय नेम इज'ची शिक्षा.

परदेशी जाणारे विद्यार्थी आयईएलटीएस नावाची परीक्षा देतात. तिची बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटे चालते. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना त्यात सारखे वजन असते, म्हणजे व्याकरणाचा वाटा चौथाई. आम्ही मात्र क्रियापद चुकले की मुलाला तिथेच अडवतो. अडवलेले मूल पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात कथानक ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर मंडळ्यांची नाटके पाहत वाढलेल्या मुलांना आम्ही पाच वाक्ये पाठ करायला लावतो! शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरात, एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात शाळांतून एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून वेळापत्रके, नकाशे यांवरची कोडी मुलांना इंग्रजीतून सोडवायला दिली. लक्ष उत्तर शोधण्याकडे लागले की भाषा मागाहून येते, अशी त्यांची भूमिका होती.

दशावताराची रीत आणि प्रभूंचे वेळापत्रक एकत्र करून मी वर्गात खटाटोप केला. दोन-दोन मुले उभी केली. एक पाहुणा, दुसरा गावकरी. म्हापशाची कदंब बस चुकली आहे, पुढे काय ते तुम्ही ठरवा. अडल्यास मराठी शब्द चालेल, मध्ये कोणी दुरुस्ती करणार नाही. आमचा अभिमन्यू गावकरी झाला. "बस गॉन. नेक्स्ट बस सिक्स ओक्लॉक. यू सिट, ड्रिंक टी, आय टेल यू." व्याकरण तीन ठिकाणी गेले, पण पाहुण्याची पुढची बस नक्कीच चुकली नसती. मी १५ गुण दिले.

सहकाऱ्यांनी हरकत घेतली की असे गुण वाटल्यास व्याकरण कोण शिकेल? हरकत वाजवी आहे. पण व्याकरण तपासायला लेखी उत्तरपत्रिका आहे, आणि तिथे मी लाल शाई सोडलेली नाही. वेळेची अडचण अधिक खरी आहे. ४५ मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे पावणेचार तास. जोड्या केल्यास दोन तासांच्या आत उरकते, आणि एकट्याने उभे राहण्याची धास्तीही जाते. तरीही तीन मुली अजून बोलत नाहीत. त्यांना सध्या मी चिठ्ठीवरचा प्रश्न विचारण्याचेच काम देतो, उत्तर दुसऱ्याने द्यायचे.

जानेवारीत दुसरी फेरी आहे. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांनीही मागच्या बाकावर येऊन बसावे, असे निरोप धाडले आहेत. मुलगा अडखळला तर हसायचे नाही, एवढीच अट घातली आहे. बाजारात भेटलेल्या त्या वडिलांनाही निरोप दिला आहे. त्यांचा धाकटा यंदा पाचवीत आला आहे.